पॉलिमर टिकेल, पेरोव्हस्काइटचं बघा

पेरोव्हस्काइट (उजेडातून वीज बनवणारा स्फटिक पदार्थ) वापरलेल्या सौरघटात पॉलिमरचा थर घालतात, त्यावर "पॉलिमर विद्युतरोधक, तो घालून वीज वाढेल कशी?" ही शंका कुणी काढली, ती रास्तच. म्हणून तर पीव्हीडीएफ-टीआरएफई या पॉलिमरचा थर काही नॅनोमीटरचाच ठेवतात. त्यातल्या द्विध्रुवांचं (एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण प्रभार) विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी, धन प्रभाराची जागा) यांना वेगवेगळ्या दिशांना ओढतं, ते पुन्हा एकत्र येऊन वाया जाणं कमी होतं.

उन्हाच्या तापानं ध्रुवीकरण, म्हणजे द्विध्रुवांची एका दिशेतली मांडणी, उडेल, ही दुसरी शंका मात्र पटली नाही. व्हीडीएफ आणि टीआरएफई या घटकांच्या नेहमीच्या ७०:३० प्रमाणात ते साधारण १०० अंशांपर्यंत टिकतं. आमच्या भुसावळला मे महिन्यात हवाच ४५ अंश, गच्चीवरचं पॅनेल सहज ६५च्या पुढं, तरी चालेल. खरी गोची पेरोव्हस्काइटचीच आहे! मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड या नेहमीच्या पेरोव्हस्काइटची स्फटिकरचनाच ५५ अंशांच्या आसपास बदलते. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या माळावर लावायचं तर तापात जास्त टिकणारं फॉर्मअमिडिनियम-सीझियमवालं पेरोव्हस्काइटच बघावं लागेल.