सल्ला हवा: मावशीसाठी ‘युगेंड’चं जुनं मुखपृष्ठ

सुईदोरा: म्युनिकला राहते. मावशीचा शिवणवर्ग आहे. तिच्या कटिंगच्या टेबलामागे लावायला इथल्या ‘युगेंड’ साप्ताहिकाचं मुखपृष्ठ हवंय (१८९६ला सुरू झालं, ‘युगेंडश्टील’ या कलाशैलीचं नाव त्यावरूनच पडलं). चित्रातल्या बाईचा झगा कमरेला आवळलेला नको, खांद्यावरून मोकळा सुटलेला हवा. फ्रेमसकट ५० युरो. अस्सल अंक की प्रिंट?

व्हिएन्नाकर: आमच्या व्हिएन्नाचं कलामासिक ‘व्हेर साक्रुम’च घ्या! १८९८चा पहिला अंक, आल्फ्रेड रोलरचं मुखपृष्ठ, कुंडीच्या फळ्या फोडून मुळं बाहेर आलेलं झाड. माझ्याकडे प्रिंट आहे. नुसत्या फ्रेमलाच १८० युरो गेले, पण घरी येणारा प्रत्येकजण तिथे थांबतो.

कैरी: त्यात बाई कुठाय? मी ऑनलाइन ‘अस्सल पान’ घेतलं. उलटून बघते तर मागे आजच्या पुस्तकाचा पृष्ठक्रमांक, कागद गुळगुळीत. पुस्तक फाडून विकलेलं! ३५ युरो पाण्यात. मागच्या बाजूचा फोटो मागवल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुनाशिंपी: प्रिंटच काढा. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ‘युगेंड’चे अंक स्कॅन करून ठेवलेत, फुकट. दर अंकाला नवं चित्र, मथळ्याची अक्षरंसुद्धा नवी. लुडविग फॉन त्सुम्बुशचं १८९६चं शोधा, दोन मुली एका म्हाताऱ्याला ओढत पळताहेत.

व्हिएन्नाकर: झगाच हवा तर फॅशन डिझायनर एमिली फ्लोगे. १९०४मध्ये बहिणींसोबत व्हिएन्नात कपड्यांचं सलून काढलं. चित्रकार क्लिम्टने १९०६मध्ये तिचे फोटो काढलेत. कॉर्सेट (कंबर आवळणारी चोळी) नाही, सगळा भार खांद्यावर.

कुंची: लंडनला १८८१मध्येच बायकांचे कपडे सुटसुटीत व्हावेत म्हणून रॅशनल ड्रेस सोसायटी निघाली होती. त्यांचं म्हणणं, आतल्या कपड्यांचं वजन ७ पौंडांच्या वर नको. म्हणजे जवळपास सव्वातीन किलो, आणि ही सुधारणा! आधी बायका किती ओझं वागवत असतील?

व्हिएन्नाकर: प्रश्न म्युनिकचा आहे.

कुंची: व्हिएन्ना तुम्हीच आणलंत.

जुनाशिंपी: प्रिंट. स्कॅन फुकट आहे.

कैरी: आणि अंक घेतलात तर मागचा फोटो!

सुईदोरा: सगळ्यांचे आभार. स्कॅन रात्रभर चाळले, त्सुम्बुशच्या मुली फार आवडल्या. पण शनिवारी जुन्या बाजारात एक अख्खा अंक मिळाला, १८ युरोला. कोपरा फाटलाय, झगाही मनासारखा नाही. कैरी, उलटून बघितला, आतली पानं शाबूत आहेत. मावशी कापड घेताना आधी चिमटीत धरून चोळून बघते. फ्रेम करत नाही, तिच्या हातातच देणार.