वजन उतरवायच्या गोळ्या-पावडरी: खरंच गुण की नुसती हवा?

रंकाळाकाठ: सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलं की हल्ली हातात पत्रक पडतंच. 'व्यायाम नको, पथ्य नको, महिन्यात आठ किलो!' गार्सिनिया, ग्रीन कॉफी, फॅट बर्नर, सगळं एकाच कागदावर. माझ्या मते हे पैसे पाण्यात घालणं आहे. गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाचाच भाऊबंद. १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवडे त्याची चाचणी झाली. काहींना अर्क, काहींना औषध नसलेली गोळी, आणि बेताचं जेवण सगळ्यांनाच. वजन दोन्हीकडं उतरलं. अर्कवाल्यांचं काकणभर कमीच उतरलं. ग्रीन कॉफीचा २०१२ चा गाजलेला शोधनिबंध तर लेखकांनीच २०१४ मध्ये मागं घेतला.

तालमीचा गडी: पत्रकं बोगस असतील, पण सगळ्यांना एकाच पोत्यात कशाला घालताय? आमची वहिनी रात्री जेवणाऐवजी शेक घेते. कपडे सैल झालेत, डोळ्यांनी दिसतंय की.

रंकाळाकाठ: होणारच. तांबडा-पांढरा, भाकरी, वर भात सोडून दोनशे कॅलरीचा पेला घेतला तर वजन उतरणारच, त्यात पावडरीचं कर्तृत्व काय? शिवाय पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो त्यात बरंचसं पाणी असतं. साठवलेली साखर संपते, तिच्याबरोबरचं पाणीही जातं.

तालमीचा गडी: अहो, पण मोजून जेवायला ज्याला जमत न्हाई त्याला शेकच्या पावडरीचा डबा मदत करतोय ना? ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाची चाचणी झाली. मधुमेहाच्या लोकांना काही महिने नुसते शेक-सूप दिले, आणि वर्षाअखेर जवळपास निम्म्यांची साखर औषधाविना आटोक्यात! २०१७ ला लॅन्सेटमध्ये आलंय. याला पण हवा म्हणणार?

रंकाळाकाठ: नाही म्हणणार. पण तिथं दवाखान्याची देखरेख होती, शेक संपल्यावर जेवण परत कसं सुरू करायचं तेही शिकवलं. तुमच्या वहिनींना हे कोण शिकवतंय? डबा विकणाराच ना? त्याला तर पुढचा डबा खपवायचाय.

मेडिकलवाली: शेकवर भांडत बसा, मला काळजी पुड्यांची आहे. परवा एक काकू हिरव्या कॅप्सूल घेऊन दुकानात आल्या. कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, नुसतं ठळक '१०० टक्के आयुर्वेदिक'. बीपीची गोळी चालू आणि छातीत धडधड. डॉक्टरांकडे पाठवलं. त्या कॅप्सूलमध्ये काय होतं मला माहीत नाही, पण असल्या 'हर्बल' मालात सिब्युट्रामिन नावाचं औषध मिसळलेलं परदेशात वारंवार सापडलंय. भूक मारतं खरं, पण हृदयविकाराच्या रुग्णांत झटका-पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून युरोप-अमेरिकेत २०१० ला बाजारातून गेलं, आपल्याकडे २०११ ला बंदी आली.

गुग्गुळप्रेमी: म्हणजे आयुर्वेदावरच घसरायचं! आणि हजारोंची इंजेक्शनं चालतात?

मेडिकलवाली: आयुर्वेदाला कोण बोललं? वैद्यांनी नाडी बघून दिलेलं वेगळं, पत्रकावरचं वेगळं. लठ्ठपणावरच्या औषधाची जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे. इंजेक्शनचं म्हणाल तर सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. मळमळ होते, बंद केलं की बरंचसं परत चढतं, आणि चिठ्ठीशिवाय मी देत नाही. तोटे लिहून ठेवलेत म्हणून तर सांगता येतात.

तालमीचा गडी: वहिनीच्या डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर आहे, पुडी न्हवं.

मेडिकलवाली: चांगलंय. पण तो धंद्याचा परवाना झाला, त्यानं वजन उतरतं असा दाखला नव्हे. सोबत ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या असतील तर डबा घेऊन या. तो अर्क जास्त झाला तर लिव्हरला त्रास होऊ शकतो, त्यात किती आहे बघू.

तालमीचा गडी: आणतो. पण शेक बंद कर म्हणून सांगायला मी जाणार न्हाई. सकाळी तिच्यासारख्या शेकवाल्या दहा बायका जमतात, एकमेकींसमोर काट्यावर उभ्या राहतात, त्या लाजेनं तिनं वडापाव सोडलाय. पावडरीनं न्हाई म्हणा हवं तर, पण सोडलाय.