मदत हवी आहे : वाफेच्या जॅकेटच्या कढईत आतील भिंतीचे तापमान कसे काढावे?

नमस्कार. आंब्याचा रस आटवण्यासाठी आम्ही वाफेचे जॅकेट (वाफ खेळवण्यासाठीचे बाहेरचे आवरण) असलेली स्टेनलेस स्टीलची कढई वापरतो. जॅकेटमध्ये 3 बार गेज दाबाची (म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षा 3 बार जास्त) संपृक्त वाफ, म्हणजे सुमारे 144 अंश सेल्सिअस, असते; रस 85 अंशांवर असतानाही भिंतीलगतचा थर करपतो आणि हापूसचा केशरी रंग काळवंडतो, याचे मला फार वाईट वाटते.

वाफेच्या बाजूचा उष्णता-संक्रमण गुणांक (उष्णता किती सहज पार होते त्याचे माप) 6000, 6 मिलिमीटर भिंतीची उष्णतावाहकता 16 आणि रसाच्या बाजूचा गुणांक 400 (सर्व एसआय एककांत) धरून उष्णतेच्या वाटेतील या तिन्ही रोधांची (अडथळ्यांची) बेरीज केली, तर आतील पृष्ठभाग सुमारे 133 अंशांवर येतो. रसाचा गुणांक दुप्पट धरला तरी पृष्ठभाग 126 अंशांच्या आसपासच राहतो, म्हणून नुसते जोरात ढवळून भागणार नाही, वाफेचा दाबच उतरवावा लागेल, असे माझे मत झाले आहे. 1 बार गेज दाबावर हेच गणित सुमारे 114 अंश देते.

मात्र 400 हा आकडा माझा अंदाज आहे. अँकर पद्धतीच्या (नांगराच्या आकाराच्या, भिंतीलगत फिरणाऱ्या पात्याच्या) ढवळणीसाठी, ढवळताना पातळ होणाऱ्या दाट रसाचा गुणांक कोणत्या सूत्राने काढावा? भिंतीवर चिकटलेला थर वेगळा रोध म्हणून धरावा का? आणि भिंतीत थर्मोकपल (तापमान मोजणारा तारांचा संवेदक) बसवून हे तापमान कोणी प्रत्यक्ष मोजले असल्यास ते कसे बसवले, हे कृपया सांगावे.