मंगोलिया आणि बांगलादेश: देश जमीन घडवते का माणसं?

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. परभणीत अभ्यासिकेत बसतो, स्पर्धा परीक्षेचं चालूय. काल टपरीवर रूममेटसोबत जोरात वाजलं. त्याचं म्हणणं, देशाचं काय होणार ते जमिनीनं आधीच ठरवलेलं असतं, माणूस नुसता हमाली करतो. मी म्हणलं मग निवडणुका कशाला घेता. तर त्यानं मंगोलिया आणि बांगलादेश पुढं टाकले, म्हणे आता बोल. रात्री आकडे काढले आणि चक्रावलोच राव. मंगोलिया साडेपंधरा लाख चौरस किमी, म्हणजे चोवीस मराठवाडे बसतील, आणि माणसं किती तर ३५ लाखाच्या आसपास, २०११ ला आपल्या एकट्या औरंगाबाद जिल्ह्यात त्याहून जास्त होती. आणि बांगलादेश महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान, त्यात १७ कोटी! हे असं काहून? आणि दोघांत जास्त अवघड कोणाचं?

लातूरची_बाई
बाळा, मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता रिटायर आहे, त्यामुळं लांबलं तर सांभाळून घे. नकाशात मधी हिमालय आणि तिबेटचं पठार बघ. बंगालच्या उपसागरावरून आलेले ढग आधी मेघालयाला धडकतात, चेरापुंजी-मौसिनराम तिथंच, आणि ते सगळं पाणी खाली बांगलादेशच्या सिल्हेटात उतरतं. वरून गंगा, ब्रह्मपुत्रा, मेघना तिन्ही तिथंच येऊन समुद्राला मिळणार. नद्या नुसतं पाणी आणत नाहीत, गाळ आणतात, तो अख्खा देश म्हणजे बहुतेक गाळच आहे. औस, अमन, बोरो असे भाताचे तीन हंगाम. एवढं पिकतं म्हणून माणसं शेकडो वर्षं तिथंच वाढत गेली, त्या गर्दीमागं आधी सुपीक जमीन आहे. मंगोलिया डोंगरांच्या पलीकडं, समुद्रापासून लांब, सरासरी उंची दीड हजार मीटरच्या वर. गोबीत वर्षाला शंभरेक मिलीमीटर पाऊस म्हणजे लई झाला. आपण सह्याद्रीच्या मागं पडलो म्हणून रडतो ना, तसंच पण कितीतरी पटीनं. तिथं नांगर चालवून पोट भरत नाही, गवत तेवढं येतं, आणि गवत खाणारं जनावर पाळायचं तर त्याच्यामागं फिरावंच लागतं. मग माणसं विरळच राहणार.

बालाघाटी
मॅडमचं पटलं. आमच्या घरात आज्यापर्यंत मेंढरं होती, दिवाळी झाली की वाडा म्हणजे कळप-बिऱ्हाड घेऊन खाली गोदावरीच्या अंगानं जायचे, खतासाठी लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची, त्याचे ज्वारी-पैसे मिळायचे. म्हणून मंगोलियाचं मी आवडीनं वाचतो. तिथं मेंढी, शेळी, घोडा, गाय-याक आणि उंट मिळून २०२२ ला ७ कोटी जनावर होतं, माणशी वीसेक. पण भाऊ, ह्या जनावरांवर एक संकट येतं त्याचं नाव 'झुड'. उन्हाळा कोरडा गेला की गवत कमी, जनावर हडकुळं, आणि त्यावर कडक हिवाळा, रात्री उणे ३० च्या पण खाली. त्यातही प्रकार आहेत बघा. पांढरा झुड म्हणजे बर्फ एवढं की गवतापर्यंत तोंड जात नाही. काळा झुड म्हणजे बर्फच नाही, मग प्यायला काही नाही, कारण हिवाळ्यात जनावर बर्फ खाऊनच तहान भागवतं. आणि लोखंडी झुड म्हणजे थोडं वितळून परत गोठलं, गवतावर बर्फाचा पत्रा, खुरानं पण फुटत नाही. २०२३-२४ च्या हिवाळ्यात ७० लाखाच्या वर जनावरं गेली. आपल्याकडं २०१९ ला चारा छावण्या होत्या, दावणीला का होईना जनावर जगलं. तिथं दोन गोठ्यांत मैलोन्मैल अंतर, छावणी टाकणार कुठं?
त्यांचा खरा उपाय एकच, उठायचं आणि दुसऱ्या कुरणावर जायचं. आणि कुरण कोणाच्या सातबाऱ्यावर नाही, त्यांच्या घटनेतच आहे की चराऊ जमीन खाजगी होणार नाही. आमच्या आज्याला हे सांगितलं असतं तर तो तिकडंच गेला असता.

खडीवाला
मी रस्त्याच्या कामावर असतो, मला वेगळंच दिसतं. बांगलादेशात दगड नाही. म्हणजे उत्तरेला थोडा आहे, पण बाकी खणत जावा, मातीच माती. मग रस्त्याला, स्लॅबला खडी कुठून आणायची? ते लोक विटा भाजतात आणि त्या फोडून खडी करतात! त्यासाठी भट्ट्या, भट्ट्यांचा धूर, आणि विटांना माती शेतातली वरची, चांगली. आपल्याकडं विहीर खणायला दोन परस गेलं की काळा पाषाण, सुरुंग लावल्याशिवाय हलत नाही, आणि आपण त्याला शिव्या देतो. पद्मा नदीवर सहा किलोमीटरहून लांब पूल २०२२ ला चालू झाला, तर पायाला खडक लागेचना, पाईल म्हणजे पायाचे खांब १२० मीटरच्या आसपास खाली नेले. आपल्या पुलाला एवढं खोल जायचं म्हणलं तर मुकादम काम सोडून गावाकडं जाईल.

पूर्णाकाठ
म्हणजे रूममेट जिंकला का काय? सगळं जमिनीनंच ठरवलं की हो.

बिनपाण्याची_गोदा
थांबा थांबा, एवढ्यात हार मानू नका. बांगलादेशातलं १९७० चं चक्रीवादळ बघा, तीन लाखाच्या वर माणसं गेली. १९९१ ला साधारण १ लाख ४० हजार. २००७ ला सिद्र आलं, तेही दांडगंच वादळ, तरी साडेतीन हजाराच्या आसपास. समुद्र तोच, किनारा तोच, चक्रीवादळं तीच, मधी काय बदललं? खांबांवर उभे निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक नेमले जे भोंगा घेऊन, झेंडे लावून लोकांना आधीच उठवतात. हे जमिनीनं केलं का?
आणि उलटं पण सांगतो. मंगोलियात १९९० नंतर सरकारी कळप मोडले, जनावर ज्याचं त्याला मिळालं. पैसा कशात, तर शेळीच्या मऊ लोकरीत, ते कॅशमिअर म्हणतात ती. मग सगळ्यांनी शेळ्या वाढवल्या. शेळी काय करते ते बालाघाटी भाऊंना विचारा, मुळासकट उपटते. कुरण झिजलं, झुड जास्त बसायला लागला. यात गोबीचा काय दोष? जनावर मेलं की माणूस उलानबातरला येतो, शहराच्या कडेला तंबू टाकतो, कोळसा जाळतो. आज देशातली निम्मी माणसं त्या एका शहरात आहेत आणि हिवाळ्यात तिथं श्वास घेववत नाही.

बालाघाटी
शेळीचं शंभर टक्के खरं. आज्या शेळ्या मोजूनच ठेवायचा.

लातूरची_बाई
माझ्या मते बांगलादेशाचं जास्त अवघड, म्हणजे मी राहायला कुठं घाबरेन असं विचारलं तर. मंगोलियातल्या माणसाकडं सातबारा नाही पण जमीन आहे. बांगलादेशात नदी काठ खाते, मग सातबारा राहतो, ते त्याला खतियान म्हणतात, पण जमीन पाण्यात. दहा-वीस वर्षांनी तिथंच किंवा दुसरीकडं 'चर' म्हणजे गाळाचं बेट वर येतं आणि ते कोणाचं म्हणून मारामाऱ्या. आणि नद्यांच्या पाण्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त देशाच्या बाहेरून येतं, आपल्याकडं वरच्या धरणातून पाणी सोडायचं का नाही यावर दर दोन वर्षांनी जे होतं ते दोन देशांत होतं असं समज.
मंगोलियाची अडचण वेगळी. समुद्र नाही, शेजारी दोनच, रशिया आणि चीन. रुळांची रुंदी रशियाची, त्यामुळं चीनच्या हद्दीवर रेल्वेचे डबे उचलून खालची चाकं बदलतात. आम्ही लहानपणी मनमाडला उतरून सामान डोक्यावर घेऊन छोट्या गाडीत बसायचो, त्याचीच आठवण झाली.

पूर्णाकाठ
धन्यवाद बाई, भाऊ. रूममेटला दाखवलं. १९७० आणि २००७ चे आकडे दोनदा वाचले त्यानं, मग म्हणला, बरं, मग आपल्या मराठवाड्याचं सांग, इथं पाषाण जास्त का पुढारी जास्त. त्याचा वेगळा धागा काढतो, इथं काढला तर ॲडमिन मला हाकलतील.

खडीवाला
काढ. पण चहाचं बिल त्यानं द्यायचं.