जुन्या सिंगल-शॉट रायफलींवर भरवशाची पुस्तकं सांगा

सत्तरीकर

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. गोव्यात सत्तरी, डिचोली, पेडणे भागातल्या जुन्या घरांत ज्या बंदुका अजून शिल्लक आहेत त्यांचे फोटो काढून नोंद करून ठेवायचं काम मी आणि माझा एक मित्र करतोय. काही लायसन्सवर आहेत, काही नुसत्या दिवाणखान्यात टांगलेल्या. ठासणीच्या बंदुका, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायच्या, त्रास देत नाहीत, त्या बघितल्या की कळतात. अडतं ते त्यानंतरच्या, म्हणजे मागून काडतूस घालायच्या पण एका वेळी एकच बार निघणाऱ्या रायफलींपाशी.

एका घरात खाली लिव्हरवाली आहे, लिव्हर ओढली की आतला ठोकळा खाली जातो, उजव्या अंगाला मुकुट, व्ही आर (राणी व्हिक्टोरियाची अक्षरं), एनफिल्ड आणि १८७९ कोरलंय. दुसऱ्या घरातली लांबून ठासणीचीच वाटते, बाहेर मोठा घोडा वगैरे, पण नळीच्या मागे एक झाकण आहे ते उजवीकडे उघडतं. आणि तिसरी एक आहे, तिच्यावर मुकुट आहे पण इंग्रजांचा वाटत नाही, म्हातारे मालक म्हणतात पोर्तुगीज सरकारची.

नेटवर शोधलं तर एक व्हिडिओवाला एक सांगतो, लिलावाच्या साइटवर दुसरंच लिहिलेलं असतं, आणि दोघेही इतक्या ठामपणे सांगतात की खरं कोणाचं तेच कळत नाही. त्यात लिव्हरवाल्या घरात सांगतात की आमची बंदूक १८९५ च्या, दादा राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध केलेल्या बंडातली. मला त्यांचा मान ठेवायचा आहे पण चुकीचं काही छापायचं नाही.

तर प्रश्न असा की कुठली पुस्तकं घ्यावी? पैसे मर्यादित आहेत, परदेशातून मागवायचं तर पोस्टेजच जिवावर येतं, त्यामुळे एखाददुसरंच घेऊ शकतो. मराठीत काही आहे का? मला तरी मिळालं नाही. जाणकारांनी सांगावं, देव बरें करूं.

म्हापशेकर

सत्तरीकर, काम फार चांगलं करताय, हे आधी सांगतो. ही घरं विकली जाताहेत, एकदा सामान बाहेर पडलं की कुठली बंदूक कुठल्या घरातली हे सांगणारं कोणी उरणार नाही.

पुस्तकांबद्दल. या विषयात सगळ्यात जास्त ज्याचं नाव घेतात तो जेम्स ग्रँट. त्याचं सिंगल-शॉट रायफल्स १९४७ मध्ये आलं, मग १९५९, १९६७, १९७९ आणि १९९१ अशी पुढची चार. पुस्तकं सुंदर आहेत, माणसाने आयुष्य घातलंय त्यात, पण तुम्ही ती घेऊ नका. कारण ती बहुतांश अमेरिकन बंदुकांवर आहेत, बॅलार्ड, स्टीव्हन्स, विंचेस्टर, शार्प्स, मेनार्ड वगैरे. तुमच्या सत्तरीतल्या घरात बॅलार्ड मिळायची शक्यता फारच कमी. लोक डोळे झाकून ग्रँट सुचवतात आणि आपल्याकडचा माणूस हजारो रुपये घालून बसतो नि त्याच्या बंदुकीबद्दल चार ओळीही मिळत नाहीत.

तुमची पहिली मार्टिनी-हेन्री आहे. ब्रिटिश लष्कराने १८७१ मध्ये स्वीकारली, मूळ कल्पना अमेरिकेतल्या पीबॉडीची, त्याचं पेटंट १८६२ चं, त्यात बाहेर घोडा होता, मग स्वित्झर्लंडमधल्या फ्रिडरिक फॉन मार्टिनीने घोडा काढून टाकून सगळं आत घेतलं, आणि नळीतले सात आटे (आतल्या पिळदार खाचा) एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीचे, म्हणून जोडनाव. हिच्यावर एकच काम सगळ्यात भरवशाचं, टेंपल आणि स्केनर्टन या दोघांचं ए ट्रीटिज ऑन द ब्रिटिश मिलिटरी मार्टिनी, तीन खंड आहेत, पहिला १९८३ चा, आणि तुम्हाला बहुतेक तो पहिलाच पुरेल. भरवशाचं का, तर ते लोक ऐकीव लिहीत नाहीत, ब्रिटिश युद्धखात्याची लिस्ट ऑफ चेंजेस असायची, म्हणजे हत्यारात कुठला स्क्रू कधी बदलला त्याची सरकारी नोंद, ती धरून लिहिलंय. म्हणून मार्क (म्हणजे सुधारित नमुना) दोन १८७७, मार्क तीन १८७९ असं नेमकं सांगता येतं. तुमच्या रायफलीवर १८७९ च्या खाली रोमन आकडा असेल, दोन उभ्या रेघा की तीन ते बघा, तो मार्क. काडतूस .५७७/४५०, काळी दारू ८५ ग्रेन (वजनाचं माप), गोळी ४८० ग्रेनची, केवढा धक्का बसत असेल विचार करा.

दुसरी, झाकण उजवीकडे उघडणारी, ती स्नायडर. १८६६ पासूनची. ठासणीच्या एनफिल्डच मागून कापून तिला झाकण बसवलं, म्हणून लांबून ठासणीची दिसते, तुमचा डोळा बरोबर आहे.

आणखी एक सांगतो, फक्त व्ही आर बघून खूश होऊ नका. सरहद्दीकडे खैबरच्या बाजूला हाताने बनवलेल्या नकला शेकड्यांनी फिरल्या आणि त्यांच्यावर शिक्केसुद्धा मारलेले असतात, एनफिल्डमधलं एन उलटं, अक्षरं वाकडी, आणि कधी व्ही आर च्या खाली १९०१ नंतरचं साल. राणी १९०१ मध्ये गेली, मग तिचा शिक्का नंतर कसा येईल?

पाटो लायब्ररीवाला

वरच्या दादांनी ब्रिटिश बाजू छान सांगितली, मी तिसऱ्या बंदुकीबद्दल लिहितो कारण गोव्याच्या माणसाला खरी अडचण तिथे आहे. इंग्रजीतली पुस्तकं पोर्तुगालला दोन परिच्छेद देतात आणि पुढे जातात.

पोर्तुगालने त्या काळात बरंच काही बाहेरून घेतलं. १८६७ च्या सुमाराची वेस्ली रिचर्ड्स, जिला इंग्रज मंकी टेल म्हणायचे कारण वरचा दांडा उचलून उघडायची, तिला कागदी काडतूस आणि वर ठिणगी पाडणारी टोपी लागते. मग स्नायडर, जिला पोर्तुगीज स्नायडर-बार्नेट म्हणत. आणि मग १८८५ ची गेदीश, पोर्तुगीज अधिकाऱ्याने काढलेली, ऑस्ट्रियात श्टायरला बनवलेली, ८ मिलिमीटर, हिचा ठोकळा पण लिव्हरने खाली जातो आणि बाहेरून ती मार्टिनीच वाटते! पण ती बनत असतानाच पोर्तुगालने मन बदललं आणि १८८६ ची क्रोपाचेक घेतली, ती मॅगझिनवाली, एकापाठी एक बार काढणारी. नको झालेल्या गेदीश पुढे दक्षिण आफ्रिकेत बोअरांकडे (तिथल्या डच वंशाच्या लोकांकडे) गेल्या. त्यामुळे लिव्हर दिसली की मार्टिनी, हे गोव्यात तरी लगेच म्हणू नका. श्टायर हा शब्द कुठे कोरलाय का, मुकुटाखाली एल अक्षर आहे का (दों लुईश पहिला, १८८९ पर्यंत राजा), हे बघा.

पुस्तक म्हणाल तर यासाठी विकत घ्यायच्या आधी पणजीत पाटोला जा. सेंट्रल लायब्ररी १८३२ ची आहे, पोर्तुगीज संग्रह वेगळा आहे, स्टाफला विषय नीट समजावून सांगितला तर शोधायला मदत करतात. सरकारी बोलेतिं (राजपत्रं) १८३७ पासूनची, त्यात लष्कराच्या नेमणुका, हुकूम, खरेदी असलं काय काय सापडतं. पुराभिलेख खात्यातही विचारा. वेळ लागतो, पोर्तुगीज वाचणारं कोणीतरी सोबत लागतं, प्रत्येक गावात एखादे जुने मास्तर असतातच जे लिसेवमध्ये (पोर्तुगीज काळातल्या शाळेत) शिकलेत, त्यांना घेऊन जा, त्यांनाही बरं वाटेल.

त्याआधीच्या तोडेदार (जळत्या वातीने उडवायच्या) बंदुकांत रस असेल तर रायनर डेनहार्टचं द बिविच्ड गन, १९९४ चं, पोर्तुगीज आणि इंग्रजी दोन्ही भाषांत आहे, पोर्तुगीजांनी बंदूक पूर्वेला कशी नेली त्यावर, त्यात गोव्याला मोठी जागा आहे. पण ते सिंगल-शॉट रायफलीसाठी नाही, एवढं लक्षात ठेवा.

सत्तरीकर

दोघांचेही खूप आभार. म्हापशेकर, कालच परत जाऊन बघितलं, रोमन तीन आहे, म्हणजे मार्क तीन. तिसऱ्या बंदुकीवर श्टायर नाही, पण मुकुटाखाली एल आहे आणि झाकण उजवीकडेच उघडतं. म्हणजे पोर्तुगीज स्नायडर धरायची का? आणि बंडाचं काय लिहू?

कुळागरवाला

मी बंदुका दुरुस्त करणाऱ्यांच्या घरातला, वडील तेच काम करायचे, त्यामुळे मी पुस्तकाकडे वेगळ्या बाजूने बघतो. फ्रँक डी हास म्हणून एक होता, त्याचं सिंगल शॉट रायफल्स अँड ॲक्शन्स, १९६९ चं. त्यात इतिहास कमी, पण कुठला ठोकळा कसा चालतो, कुठली स्प्रिंग कुठे बसते, कुठला पार्ट आधी काढायचा, हे रेखाचित्रं काढून दाखवलंय. मार्टिनी, रोलिंग ब्लॉक, फार्कुहर्सन अशा सगळ्या एकबारी रचना. हातात बंदूक घेऊन बसलात की हे पुस्तक बोलायला लागतं. कार्ट्रिजेस ऑफ द वर्ल्ड पण ठेवा, फ्रँक बार्न्सचं, पहिली आवृत्ती १९६५ ची, नंतर कितीतरी निघाल्या, जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी चालेल कारण जुनी काडतुसं बदलत नाहीत. नळीचं माप घेऊन त्यात बघायचं.

फुकट हवं असेल तर ग्रीनरचं द गन अँड इट्स डेव्हलपमेंट, १८८१ ला पहिली आणि १९१० ला नववी आवृत्ती, नेटवर स्कॅन आहे. पण तो स्वतः बर्मिंगहॅमचा बंदूक बनवणारा, आपला माल चांगला म्हणणारच, त्यामुळे इतरांच्या बंदुकांबद्दल त्याचं मत वाचताना तेवढं ध्यानात ठेवायचं. कशी बनवायचे हे मात्र त्याच्याइतकं कोणी सांगत नाही.

पुस्तक भरवशाचं आहे की नाही हे बघायची माझी एक पद्धत आहे, दुसऱ्यांनी काय म्हटलं ते सोडा. ज्या बंदुकीबद्दल तुम्हाला पक्कं माहीत आहे, हातात घेऊन मोजलेली आहे, तिचंच पान आधी उघडा. नळीची लांबी, आट्यांची संख्या, शिक्के कुठे, हे जुळलं तर बाकी पानांवर विश्वास टाका. आणि फोटोत सीरियल नंबर दिसतात का बघा, ज्याने खरंच बंदूक हाताळलीय तो नंबर लपवत नाही. एकाच बंदुकीवर लिहिलेलं जाड पुस्तक हे सगळ्या बंदुकांवर लिहिलेल्या जाड पुस्तकापेक्षा नेहमी बरं. आणि छापल्याचं साल बघा. २००३ मध्ये काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातून हजारो बंदुका अमेरिकेत विकल्या गेल्या, त्यात नेपाळात हाताने बनवलेल्या मार्टिनी होत्या, आणि गहेंद्र नावाची एक, बाहेरून मार्टिनी पण आत रचना निराळी. त्याआधीच्या पुस्तकांत तिच्याबद्दल फारसं नाही. आपल्याकडे कोणाकोणाच्या घरी नेपाळमार्गे आलेली असू शकते, म्हणून सांगितलं.

आता एक गोष्ट हात जोडून सांगतो. यातली एकही उडवून बघू नका. कोणी म्हणेल आजोबा डुक्कर मारायचे हिने, आजही चालेल. नाही. त्या काळ्या दारूसाठी बनवल्यात, पोलाद दीडशे वर्षांचं, आत गंज किती खाल्लाय दिसत नाही, आणि आजची दारू घातली तर तोंडासमोर फुटेल. साफ करायचं तर तेल आणि मऊ कापड, शिक्क्यावर सँडपेपर अजिबात नको, शिक्का गेला की बंदुकीची ओळख गेली.

लायसन्सचं पण बघा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ मध्ये जुन्या बनावटीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे, पण कधी, तर दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशी असेल तेव्हा. नुसती शंभर वर्षं जुनी म्हणून सूट मिळत नाही. मार्टिनी तर दुरुस्त करता येते! त्यामुळे टांगलेल्या बंदुकांच्या मालकांना तुमची नोंद छापायच्या आधी वकिलाला विचारायला सांगा, आणि नावागावासकट पत्ता छापू नका, चोरांनाही वाचता येतं.

म्हापशेकर

कुळागरवाल्यांशी पूर्ण सहमत, विशेषतः सँडपेपरबद्दल. सत्तरीकर, एल आणि उजवं झाकण म्हटल्यावर पोर्तुगीज स्नायडर ही शक्यता चांगली दिसते, पण घोड्याच्या पट्टीवर बार्नेट, लंडन असं काही आहे का बघा, फोटो टाका, मग ठरवू.

बंडाबद्दल असं लिहा, माझं मत. मार्क तीन १८७९ ची रायफल १८९५ मध्ये अस्तित्वात होती एवढं पुस्तक सांगतं, ती त्या घरात तेव्हा होती हे पुस्तक सांगू शकत नाही. ब्रिटिश रायफल सत्तरीत कशी आली, सीमेपलीकडून आली का, कोणी नंतर विकत घेतली का, हे शोधायचं असेल तर त्या घरातले जुने कागद बघा, पोर्तुगीज काळातला परवाना असेल तर त्यावर नंबर असू शकतो. जे घरात सांगतात ते त्यांच्या नावाने, त्यांच्याच शब्दांत छापा, "घरची आठवण" असं स्पष्ट म्हणा. ते वाया घालवायचं नाही आणि सिद्ध झाल्यासारखंही मांडायचं नाही.

आणि पहिला खंड तुम्हाला नवा परवडणार नसेल तर थांबा, माझ्याकडची प्रत वापरा. पणजीला येता तेव्हा निरोप टाका, पाटोला भेटू, ती बोलेतिंही बघून घेऊ.

सत्तरीकर

म्हापशेकर, हे फारच झालं, नक्की येतो. येत्या शनिवारी चालेल का? मास्तर पण मिळालेत, केरीला राहतात, पोर्तुगीज घडाघडा वाचतात. घोड्याच्या पट्टीचे फोटो रात्री टाकतो.