कृषी व्यापार प्रदर्शनाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तयारीबाबत मदत हवी आहे

नमस्कार. कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांना परदेशातील व्यापार प्रदर्शनाला नेण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. तेथे बियाण्यांची छोटी पाकिटे सहज हातात पडतात. परंतु १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारानुसार चालणारे बहुतेक देश वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बियाणे आत येऊ देत नाहीत, आणि बुटांना चिकटलेल्या मातीतूनही बुरशी व सूत्रकृमी (मुळांना इजा करणारे मातीतील सूक्ष्म कृमी) पसरू शकतात. हे नियम समजावता येतील. खरी काळजी वेगळीच आहे: मुले माहितीपत्रके गोळा करत फिरतात, पण यंत्राजवळच्या तंत्रज्ञाला एकही प्रश्न विचारत नाहीत. पेरणीयंत्रातील बियाण्याची तबकडी (बी मोजून खाली सोडणारी चकती) काढून दाखवा, असे विचारण्याचे धाडस त्यांच्यात यावे यासाठी आधी कोणता सराव घ्यावा? अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.