'फुकट राबतात' म्हणे! काउंटी टीमचा हिशेब एकदा मांडाच

आकडेमोड्या
परवा दुसऱ्या धाग्यावर पार्ल्याच्या पंटरांनी लिहिलं की इथे आयर्लंडमध्ये जीएएच्या, म्हणजे गेलिक खेळांच्या हौशी संघटनेच्या, काउंटी (जिल्हा) टीमचे मॅनेजर एक युरो न घेता राबतात, खेळाडू नोकऱ्या सांभाळून फुकट खेळतात, तरी डब्लिनचं ब्याऐंशी हजारांचं क्रोक पार्क मैदान भरतं, आणि आपल्याकडे बघा, नुसता पैसा पैसा. त्यावर पन्नासेक लाइकचे बदाम पडलेत. मीही एक बदाम टाकून झोपणार होतो, पण झोप येईना.

मी एका काउंटीच्या सीनियर गेलिक फुटबॉल टीमबरोबर आकड्यांचं काम करतो. हा तिसरा हंगाम. कुठली काउंटी ते विचारू नका. दिवसा आयटी, मंगळवार-गुरुवार रात्री जीपीएसवाल्या बनियनी गोळा करायच्या. छत्तीस बनियनी, ओल्या, चिखलाने बरबटलेल्या. प्रत्येकीच्या पाठीवरच्या खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढायचं, पुसायचं, चार्जिंगला लावायचं. घरी येऊन रात्री साडेअकराला कोण किती पळालं त्याचा तक्ता पाठवायचा. सकाळी सहाला मॅनेजरचा मेसेज हजर: १४ नंबर शेवटच्या वीस मिनिटांत का मंदावला? अरे बाबा, १४ नंबरच्या घरी दीड महिन्याचं बाळ आहे. सराव सुरू व्हायच्या आधी पार्किंगमध्ये सीट मागे टाकून झोपलेला मी त्याला बघितलाय. यंत्राला ते कुठून कळणार?

तर फुकट कोण राबतं? मी राबतो. किटमॅन राबतो, वय ६८, घरची दोन वॉशिंग मशिनं त्याने यात घालवली. काउंटी बोर्डाची सेक्रेटरी राबते. मॅनेजर नियमाने फक्त प्रवासखर्च घेतो, आणि त्या 'प्रवासा'त काय काय बसतं ते या देशातल्या प्रत्येक पबमध्ये माहीत आहे. २०१२ साली जीएएचे तेव्हाचे महासंचालक पॅरिक डफींनी स्वतः कागद मांडला होता: एक तर चाललंय ते चालू द्या, नाहीतर नियम कडक पाळा, नाहीतर उघड पैसे द्या. चौदा वर्षं झाली, आपण पहिल्याच पर्यायावर मांडी घालून बसलोय. २०१९ मध्ये सगळ्या काउंट्यांनी मिळून टीमच्या तयारीवर जवळपास ३ कोटी युरो घातले. त्यानंतर आकडा वरच चढलाय. हे पैसे क्लबच्या लॉटोतून, रॅफलमधून आणि तुमच्या-माझ्या तिकिटातून येतात.

माझं म्हणणं एवढंच: मॅनेजरला करार करा, पगार द्या, टॅक्स भरू द्या. म्हणजे निदान जाब तरी विचारता येईल.

पार्ल्याचा पंटर
माझ्या नावाने धागा! आईला लिंक पाठवली.

आता मुद्द्याचं. ब्रायन कोडी, पेशाने शिक्षक. १९९९ ते २०२२ किलकेनीच्या हर्लिंग (काठी-चेंडूचा गेलिक खेळ) टीमचे मॅनेजर, अकरा लिअम मकार्थी करंडक. जॉन कायली, मुख्याध्यापकी करता करता लिमरिकला सलग चार. ही माणसं काय पाकिटासाठी उभी होती? तुमच्या मॅनेजरने तुम्हाला सकाळी सहाला उठवलं म्हणून सगळे चोर?

पबमध्ये माहीत आहे म्हणजे काय? पीटर क्विन जीएएचे अध्यक्ष असताना शोधाशोध झाली, तेव्हा टेबलाखालचे पैसे सोडा, टेबलंच सापडली नाहीत असं ते म्हणाल्याचं सगळे सांगतात. पुरावा असेल तर द्या. नाहीतर जमत नसेल तर सोडा, बनियनी गोळा करायला दुसरा कोणी मिळेल.

आणि पैसा आला की खेळ मरतो. कबड्डीचं काय झालं बघा.

लालबागचा उजवा कोपरा
कबड्डीचं काय झालं? सांगा ना जरा. मी गॉलवेत बसून वाचतोय, चहा ठेवलाय.

आकडेमोड्या
मी कोडी किंवा कायलींबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, परत वाचा. टेबलाचा तो विनोद लोक तीस वर्षं हसून सांगतायत, यातच काय ते आलं. आणि 'जमत नसेल तर सोडा' हे वाक्य मी आमच्याकडेही ऐकलंय. फेब्रुवारीत लीगची मॅच, आडवा पाऊस, मी स्टँडमध्ये लॅपटॉपवर कचऱ्याची पिशवी ओढून बसलेलो. नेटवर्क नाही. वॉकीवर ओरडा, "त्यांच्या गोलकीपरचे किकआउट डावीकडे किती?" बॅटरी गेली. मी हातावर पेनाने रेघा मारायला लागलो. पावसात शाई राहते का? मॅच दोन पॉइंटांनी हरलो. बसमध्ये कोणी काही बोललं नाही, फक्त सिलेक्टर म्हणाला, आकडे असते तर बरं झालं असतं.

त्याच बसमध्ये मी आईने पाठवलेले शंकरपाळे उघडले होते. आहारतज्ज्ञ बाईंनी डबा हातात घेऊन विचारलं, यात प्रथिनं किती? मी म्हटलं, प्रेम आहे. डबा मुक्कामाला पोचेपर्यंत त्यांच्याच पिशवीत होता.

कॅसलबारचा काका
पगाराचं तुम्ही बघा, पाठीराख्यांचे हाल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. आमच्या शेजारचे आजोबा ८२ वर्षांचे. आमची मेयो काउंटी फुटबॉलची फायनल शेवटची जिंकली १९५१ साली, तेव्हा हे बापाच्या खांद्यावर होते. १९८९ पासून अकरा फायनली हरताना बघितल्यात. या माणसाने आयुष्यभर गेटवर नोट दिली आणि आत गेला. आता तिकीट फोनवर. आजोबांकडे बटणांचा फोन. तर दर मॅचला मी त्यांच्या नावाने तिकीट काढतो, छापतो, आणि ते कागदाला इस्त्री केल्यासारखा सपाट करून बायबलमध्ये ठेवतात. मग वरून पैशांचं पाकीट माझ्या दारातून टाकतात, मोजून, चिल्लरसकट. नको म्हटलं तर बोलणं बंद करतात.

शिवाय २०२३ ला काही मॅचेस पैसे भरून ऑनलाइन बघायला लावल्या. ८२ वर्षांच्या माणसाला पासवर्ड!

कॉर्कची ताई
+१ काका. पण पाठीराख्यांच्या हालाबद्दल कॉर्कवाल्यांसमोर बोलू नका. हर्लिंगची फायनल २०२४ ला जादा वेळेत एका पॉइंटने हरलो. २०२५ ला हाफटाइमला सहाने पुढे, नवरा उठून नाचला, मी फ्रिजमधून श्रीखंड काढलं. दुसऱ्या हाफमध्ये दोन पॉइंट. दोन! ते श्रीखंड तीन दिवस कोणी खाल्लं नाही.

आणि आकडेमोड्या, तुमच्या अख्ख्या लेखात बाई कुठे आहे? एक सेक्रेटरी आणि एक आहारवाली. काउंटीच्या मुली २०२३ ला प्रवासखर्चासाठी आंदोलन करत होत्या हो. पाकीट राहू दे, पेट्रोल! माझी मुलगी कॅमोगी, म्हणजे मुलींचं हर्लिंग, खेळते. सक्तीच्या स्कर्टऐवजी अर्धी चड्डी घालू द्या म्हणून मे २०२५ ला खास अधिवेशन भरवावं लागलं. त्याआधी काउंटीच्या खेळाडू शॉर्ट्स घालून मैदानात आल्या तर बदलून या म्हणून सांगितलं. तुम्ही मॅनेजरच्या पगाराचं काय घेऊन बसलात?

पार्ल्याचा पंटर
उजव्या कोपऱ्यांनी विचारलंय म्हणून सांगतो. प्रो कबड्डी २०१४ ला आली. पहिल्या लिलावात सगळ्यात महागडा राकेश कुमार, १२ लाख ८० हजार. चार वर्षांत मोनू गोयत दीड कोटीच्या वर. ठीक आहे, पण मातीतली कबड्डी गेली कुठे? मंडळांच्या स्पर्धांना पूर्वी जी गर्दी असायची ती आता टीव्हीसमोर बसते. खेळ एसीत गेला. जीएएचं हेच होईल.

लालबागचा उजवा कोपरा
पार्ल्यात माती होती का कधी? नाटकाच्या मध्यंतरात कबड्डी बघितली असेल.

मी खेळलोय. गिरणगावात, मंडळाच्या मैदानात, खडी नीट वेचलेली नसायची. उजवा कोपरा म्हणजे घोट्यात सूर मारायचा, समोरच्याची लाथ तोंडावर. खेळाडू कोट्यातून एका बँकेत लागलो, तेही तात्पुरतं. बाद फेरीत गुडघ्यातून आवाज आला, मैदानाबाहेरच्या माणसांनी ऐकला. बँकेने पुढच्या वर्षी घेतलं नाही. मंडळाने सत्कार केला. शाल-श्रीफळ. ऑपरेशन वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातून झालं. नारळाची आईने वडी केली.

हे तुमचं मातीतलं प्रेम. पैसा आल्यावर निदान आमच्या गल्लीतल्या पोराला करार मिळाला, त्यात दुखापतीचं लिहिलेलं असतं. तुम्हाला हौशी खेळ आवडतो कारण हौस दुसऱ्याची असते.

पार्ल्याचा पंटर
व्यक्तिगत होऊ नका. माझे सख्खे मामा जिल्हा खेळलेत.

लालबागचा उजवा कोपरा
मामांचा गुडघा कसा आहे?

पार्ल्याचा पंटर
हे बघा, गुडघ्याचं वाईट वाटलं, खरंच. पण तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तुम्हाला दुखापतीचे पैसे हवे होते, लिलाव नको होता. इथे हौशी राहूनही दुखापतीचा फंड आहे ना? मग लिलावाशिवाय जमतंच की.

लालबागचा उजवा कोपरा
फंडाने बिल भरतं. बुडालेली नोकरी भरत नाही. आणि किती चढायांनी तुम्ही मध्यरेषा ओलांडून परत जाताय ते मोजतोय मी.

मालवणी माणूस
अवांतर: वराडच्या वराडकरांचो झील लिओ इथलो पंतप्रधान झालो, पण आमच्या पोराक अंडर-१४ च्या काउंटी पथकात घेऊक नाय. ट्रायलला १२० पोरां आणि वीस मिनिटां. चालू द्या.

सातारी सूनबाई
इतके दिवस वाचत होते, आज लिहितेच. माझा नवरा इथला. तीन वर्षं काउंटी पॅनलवर, म्हणजे संघाच्या निवडलेल्या पथकात, होता. कुठल्या ते जाऊ दे.

आमचं लग्न डिसेंबरात, साताऱ्याजवळ माझ्या गावी, कारण जानेवारीत लीग. तिथेही त्याच्याकडे सरावाचा तक्ता. हळदीच्या दिवशी पहाटे पाच वाजता हा ऊसाच्या बांधाने पळतोय, पायात चमकणारे बूट, मागे गावची चार कुत्री. वाटेत ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, पाव्हणं कुणी मागं लागलंय का? परत आला तो घड्याळाचा फोटो काढून मॅनेजरला पाठवला. तेव्हा कुठे अंगाला हळद लागली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पॅनलमधून काढलं. फोन नाही, व्हॉट्सॲप ग्रुपमधून नाव गेलं. तीन वर्षांत एकूण अकरा मिनिटं खेळला. मी मोजलेली आहेत. त्याला विचाराल तर म्हणतो, परत बोलावलं तर उद्या जाईन.

ईएसआरआय या इथल्या संशोधन संस्थेच्या २०१८ च्या अहवालात होतं, काउंटी खेळाडूचे खेळापायी आठवड्याला ३१ तासांपर्यंत जातात. घरात राहणाऱ्याला हा आकडा कमी वाटतो, कारण उरलेल्या तासांत तो असतो पण नसतो. जेवायला बसला तरी कोंबडी तोलून घ्यायची.

मॅनेजरला पगार द्या की देऊ नका. काढताना फोन करायला पैसे लागत नाहीत.

आकडेमोड्या
सूनबाई, हे वाचून थांबलो जरा. गेल्या वर्षी आमच्याकडे चार जणांना काढलं, ती यादी माझ्याच तक्त्यावरून झाली. त्यांना फोन गेला का ते मी विचारलंसुद्धा नव्हतं.

ताई, बाईबद्दल बरोबर बोललात. आमच्या मुलींच्या टीमला आकडेवाला नाहीच. मला दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं, मी वेळ नाही म्हटलं होतं.

कॉर्कची ताई
वा! बाईची आठवण यायला कोणाचं तरी लग्न व्हावं लागलं. या आता मुलींकडे, शंकरपाळे जप्त होणार नाहीत.

पार्ल्याचा पंटर
सूनबाई, त्या मॅनेजरचं चुकलंच. पण हाच मुद्दा मीही मांडतोय. माणुसकी पगाराने येत नाही. आकडेमोड्यांचा पगारी मॅनेजर उलट जास्त निर्दयी होईल, कारण त्याची नोकरी निकालावर टांगलेली असणार. २०२३ ला मॅनेजर मिकी हार्ट लाउथ काउंटी सोडून डेरीला गेले तर केवढा गहजब. उद्या करार असतील तर दर नोव्हेंबरात पळापळ.

आकडेमोड्या
गहजब झाला, पण गेले ना? पळापळ आजही आहे, फक्त पावती नाही. निकालाचं म्हणाल तर आर्मा काउंटीने मॅनेजर मॅकगीनींना दहाव्या हंगामापर्यंत ठेवलं आणि २०२४ ला फुटबॉलचा सॅम मॅग्वायर करंडक आणला. मधल्या वर्षांत त्यांना काढा म्हणणारे कमी नव्हते. पगारी असते तर टिकले असते का? प्रामाणिकपणे सांगतो, बहुतेक नसते. हा एक पॉइंट तुम्हाला. कमानीच्या आतून मारलेला, एकच मोजतोय (बाहेरून मारला की दोन मिळतात).

पार्ल्याचा पंटर
उपकार झाले. मीही एक देतो: प्रवासखर्चाच्या पावत्या बोर्डाने जाहीर कराव्यात. पगार नाही, पावत्या.

आकडेमोड्या
बोर्डाच्या सभेत या आणि मांडा. जानेवारीच्या रात्री, हॉलमध्ये हीटर नाही, उपस्थिती नऊ.

पार्ल्याचा पंटर
सभेचं बघू. रविवारी तुमची घरची मॅच आहे ना? पोरगा मागे लागलाय. दोन तिकिटं होतील का?

आकडेमोड्या
मी काउंटी सांगितलीच नव्हती.

पार्ल्याचा पंटर
शंकरपाळ्यांवरून कळलं. माझी बायको तुमच्या बायकोच्या भिशीत आहे.

कॅसलबारचा काका
तिकीट फोनवर काढा हो, तुम्हाला काय झालंय. आजोबांनासुद्धा आता 'लिंक' हा शब्द येतो.

लालबागचा उजवा कोपरा
मामांच्या गुडघ्याचं उत्तर अजून आलेलं नाही.